जुन्या लाकडावरचे नवे नाव

जुने लाकडी सामान घासून, जोडून, नवे पॉलिश देऊन पुन्हा उभे केले की त्यावर नाव कोणाचे असावे? ज्याने ते शंभर वर्षांपूर्वी घडविले त्याचे, की ज्याने ते आज वाळवीच्या तोंडातून वाचविले त्याचे? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु आपल्या अनेक धर्मग्रामांतून जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या जीर्णोद्धाराची कामे निघत असतात. साक्रिस्तीतील सागवानी कपाटे, गायकवृंदाची बाके, पुल्पिताचा जिना, जुन्या वेदीची चौकट यांना नवे रूप मिळते. काम संपले की दुरुस्ती करणाऱ्या सुताराला आपले नाव कोठेतरी कोरावेसे वाटते आणि खर्च उचलणाऱ्या कुटुंबाला पितळी पट्टी लावावीशी वाटते. ज्याने मूळ वस्तू घडविली त्याच्या वतीने बोलायला मात्र कोणीच नसते. म्हणून हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. तो न्यायाचा आणि सत्याचा प्रश्न होतो.

या प्रश्नाशी पूर्वीच्या लोकांनीही झुंज दिलेली आहे. त्याचा सर्वांत बोलका इतिहास अठराव्या शतकातील पॅरिस शहरात सापडतो.

पॅरिसचा ठसा

आपल्याकडे प्राचीन काळी कारागिरांच्या श्रेणी होत्या. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत विणकरांच्या श्रेणींचा उल्लेख आढळतो. तशाच श्रेणी युरोपातील शहरांत मध्ययुगापासून नांदत होत्या. पॅरिसमध्ये लाकडी सामान घडविणाऱ्यांची एक बलाढ्य श्रेणी होती. तिच्यात दोन प्रकारचे कारागीर असत. एक, सबंध लाकडातून खुर्च्या-पलंग घडविणारे. आणि दुसरे, मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून मेजांवर आणि कपाटांवर नक्षी उठविणारे.

१७४३ साली या श्रेणीची नवी नियमावली तयार झाली. पॅरिसच्या पार्लमेंटाने, म्हणजे तेथील उच्च न्यायपीठाने, १७५१ मध्ये तिची रीतसर नोंद केली आणि ती अमलात आली. तिच्यानुसार प्रत्येक उस्ताद कारागिराने आपल्या नावाचा लोखंडी ठसा बाळगावा आणि विक्रीस काढावयाच्या कामावर तो हातोडीने उमटवावा, असे बंधन आले. या ठशाचा नमुना श्रेणीच्या कार्यालयात शिशाच्या पत्र्यावर जपून ठेवला जाई. श्रेणीचे तपासनीस कार्यशाळांना भेटी देत आणि काम कसाला उतरले तर श्रेणीच्या नावाचा तीन अक्षरी ठसा त्याच्या शेजारी उमटवीत.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा ठसा दर्शनी भागावर नसे. खुर्चीच्या बैठकीखालच्या आडव्या पट्टीवर, संगमरवरी फळी उचलली की दिसेल अशा कडेवर, किंवा भिंतीकडे जाणाऱ्या पाठीमागच्या बाजूवर तो असे. ज्याला पाहावयाचे आहे त्याने वाकून पाहावे. जो केवळ बसावयास आला त्याच्या डोळ्यांत ते नाव खुपू नये. ठशाचा हेतू जाहिरातीचा नव्हता. काम निकृष्ट निघाले तर कोणाला जाब विचारायचा, हे कळावे एवढ्यासाठी तो होता. त्या नावाचा अर्थ गौरवापेक्षा जबाबदारी असा अधिक होता.

एका मेजावर दुसऱ्याचे नाव

परंतु या व्यवस्थेत एक गोम होती. ठसा केवळ नवे सामान घडविणाराच उमटवीत नसे. जुने सामान दुरुस्त करणारे उस्तादही त्या वस्तूवर आपला ठसा मारीत, आणि जुन्या सामानाचा व्यापार करणारेही मारीत. ठशात नाव तेवढे असे. त्याने काय केले, हे त्यात नसे.

आंद्रे-शार्ल बूल हा चौदाव्या लुईच्या काळातील सर्वश्रेष्ठ कारागीर. पितळ आणि कासवाचे कवच एकमेकांत बसवून केलेली त्याची नक्षी इतकी गाजली की त्या शैलीलाच त्याचे नाव मिळाले. १६७२ पासून त्याला राजाच्या कृपेने लूव्र राजवाड्यात राहण्याचा अधिकार होता आणि श्रेणीचे नियम त्याला लागू नव्हते. १७३२ साली तो वारला. ठशाची सक्ती त्यानंतर आली. त्यामुळे त्याच्या हातच्या कामावर त्याचा ठसा नाही.

आता, लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आक्रसते. पितळ तसे करीत नाही. काही दशके लोटली की बूलच्या मेजांवरील पितळी पट्ट्या उचलू लागत, कवचाचे तुकडे सुटत. ते पुन्हा बसविण्याचे काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एत्येन लव्हास्यूर आणि फिलीप-क्लोद मोंतिन्यी यांच्यासारख्या उस्तादांनी केले. ते स्वतः त्या शैलीत नवे कामही करीत. दोन्ही कामांवर ठसा एकच. पुढे दीड-दोनशे वर्षांनी संग्रहालयांतील अभ्यासक ही मेजे तपासू लागले तेव्हा, हा उस्ताद या वस्तूचा जनक की वैद्य, हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागले. त्या कारागिरांनी फसविले असे म्हणता येणार नाही; त्यांनी नियम पाळला होता. पण नाव होते आणि नावाला क्रियापद नव्हते. ‘घडविले’ आणि ‘दुरुस्त केले’ यांमधील अंतर त्या लोखंडी ठशात मावले नाही.

ओबेन आणि रीझनर

क्रियापद असूनही सत्य कसे निसटते, याचेही उदाहरण त्याच शहरात मिळते. ज्याँ-फ्रांस्वा ओबेन हा जर्मन भूमीतून पॅरिसला आलेला कुशल कारागीर. पंधराव्या लुईसाठी एक अद्वितीय लेखनमेज करण्याचे काम त्याच्याकडे आले आणि १७६० मध्ये त्याने ते सुरू केले. वरचे गोलाकार झाकण सरकवून बंद करता येईल अशी त्याची रचना होती. परंतु काम पूर्ण होण्याआधीच, १७६३ साली, ओबेन मरण पावला.

श्रेणीच्या नियमाप्रमाणे उस्तादाच्या विधवेला पतीची कार्यशाळा आणि त्याचा ठसा चालविण्याचा अधिकार असे. ओबेनच्या पत्नीने कार्यशाळा चालू ठेवली. तिच्या हाताखाली ज्याँ-आंरी रीझनर नावाचा दुसरा जर्मन कारागीर काम पाहू लागला. तो अद्याप उस्ताद झालेला नव्हता. म्हणून त्याने घडविलेल्या वस्तूंवर ठसा उमटे तो मृत ओबेनच्या नावाचा. पुढे रीझनरने त्या विधवेशी विवाह केला आणि १७६८ मध्ये त्याला उस्तादपद मिळाले. राजाचे मेज त्याने १७६९ साली पुरे केले आणि व्हर्सायला पोहोचविले. त्या मेजावर लाकडाच्या नक्षीतच एक लेख बसविलेला आहे. पॅरिसच्या आर्सेनालमध्ये १७६९ साली रीझनरने हे केले, अशा अर्थाचा. ओबेनचे नाव तेथे नाही.

पाहा, काय विचित्र हिशेब झाला! काही वर्षे रीझनरच्या घामावर ओबेनचे नाव पडले. आणि मग ओबेनच्या कल्पनेवर रीझनरचे. एकाने दुसऱ्याचे ऋण फेडले असे कोणी म्हणेल. पण खोट्यावर खोट्याचा उतारा होत नसतो. ‘ओबेनने आरंभिले, रीझनरने पुरे केले’ एवढे शब्द त्या विशाल मेजावर सहज मावले असते.

पुढे काळाने रीझनरलाही धडा दिला. १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीने श्रेणी बरखास्त केल्या आणि ठशाची सक्ती संपली. राजवाड्यांतील सामान लिलावात निघाले, तेव्हा रीझनरने स्वतः घडविलेल्या काही वस्तू विकत घेतल्या. परंतु लोकांची आवड बदलली होती आणि त्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. १७९४ मध्ये तर आपल्याच कामावरील राजचिन्हे काढून टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. ज्या हातांनी बसविले त्याच हातांनी उपटावयाचे! १८०६ साली तो वारला तेव्हा त्याचे वैभव ओसरले होते. राजाचे मेज आजही व्हर्सायला आहे, आणि इतिहासकार त्याचे वर्णन करताना दोघांचीही नावे घेतात. मेजाने जे सांगितले नाही ते कागदपत्रांनी सांगितले.

नावाचा बाजार

ठशाला किंमत आली की खोटा ठसाही येतो. जुन्या फ्रेंच सामानाचे भाव चढू लागले, तशी नामवंत उस्तादांच्या ठशांची नक्कल होऊ लागली. हा रोग आजही बरा झालेला नाही. अठराव्या शतकातील म्हणून विकलेल्या आणि व्हर्सायच्या राजवाड्यानेही खरेदी केलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये गाजले. जून २०२५ मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने दोघांना दोषी ठरविले. त्यांतील एक त्या काळातील आसनांचा नामांकित तज्ज्ञ होता. दुसरा जुन्या सामानाच्या दुरुस्तीत वाकबगार असलेला काष्ठशिल्पी. दुरुस्ती करणाऱ्याचे कौशल्य किती उंच असू शकते, आणि स्वतःचे नाव लपवून दुसऱ्याचे मिरविले म्हणजे ते किती खाली घसरते, याची ही साक्ष होय. आपले नाव दुसऱ्याच्या कामावर लावणे ही एक चोरी; दुसऱ्याचे नाव आपल्या कामावर लावणे ही तिचीच जुळी बहीण.

रोमची दोन अक्षरांकने

मग उपाय काय? नावच घालू नये का? ख्रिस्ती मनाला हा मार्ग आकर्षक वाटतो. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण बाळपणापासून ऐकत आलो. नाझरेथच्या सुताराने घडविलेल्या एकाही जोखडावर वा दारावर त्याचे नाव आपणांस मिळालेले नाही. पण निनावीपणाही कधीकधी सत्याला कसा आड येतो, हे पाहण्यासाठी लाकूड सोडून क्षणभर दगडाकडे वळावे लागेल.

रोममधील पांथेऑन हे प्राचीन मंदिर ६०९ साली पवित्र मरिया आणि हुतात्मे यांना समर्पित झाले आणि आजही तेथे उपासना होते. त्याच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत, हे अग्रिप्पाने बांधले, असा लेख आहे. वस्तुतः अग्रिप्पाची वास्तू आगीत नष्ट झाली होती. आजचे पांथेऑन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हेड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झाले. हेड्रियनच्या प्राचीन चरित्रात म्हटले आहे की, जुन्या वास्तू पुन्हा उभारताना तो मूळ कर्त्यांचीच नावे ठेवी. सम्राटाची ही विनयशीलता कौतुकास्पद खरीच. परंतु तिचा परिणाम असा झाला की पुढची कित्येक शतके लोक या वास्तूचे श्रेय अग्रिप्पालाच देत राहिले. १८९२ साली जॉर्ज शेदान नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतींतील विटा तपासल्या. त्या विटांवर वीटभट्ट्यांचे ठसे होते आणि ते हेड्रियनच्या काळचे निघाले. कपाळावरच्या मोठ्या लेखाने जे दडविले, ते भिंतीच्या पोटातील लहानशा ठशांनी उघड केले.

याच लेखाच्या खाली बारीक अक्षरांत दुसरा एक लेख आहे. तो २०२ सालचा, सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याचा पुत्र काराकल्ला यांचा. वयोमानाने जीर्ण झालेले पांथेऑन आपण पूर्ववत केले, असे तो सांगतो. मूळ नावाला धक्का नाही, अक्षरे लहान, जागा खालची, आणि क्रियापद ‘पूर्ववत केले’ असे. लॅटिन भाषेत ‘फेचित’ म्हणजे केले आणि ‘रेस्तितुइत’ म्हणजे पूर्वस्थितीस आणले. ते सम्राट काही संत नव्हते. तरीही दुरुस्ती करणाऱ्याने आपले नाव कसे घालावे, याचा धडा त्या खालच्या ओळीत आहे.

आविलाच्या संत तेरेजाने नम्रतेचे नाते सत्याशी जोडले, ते येथे आठवते. जी नम्रता खरी तारीखच पुसून टाकते ती अपुरी. नाव मुळीच न घालणे यापेक्षा, आहे तेवढेच आणि योग्य जागी सांगणे हे कठीण आणि अधिक नम्र काम आहे.

पेत्राचे आसन

ख्रिस्तसभेच्या संग्रहातील सर्वांत पूज्य लाकडी सामान म्हणजे रोममधील संत पेत्राचे आसन. बर्निनीने १६५७ ते १६६६ या काळात उभारलेल्या भव्य कांस्य सिंहासनाच्या पोटात ते ठेवलेले आहे. १९६८ पासून झालेल्या शास्त्रीय परीक्षणात हे आसन मुख्यतः नवव्या शतकातील असल्याचे दिसून आले. शार्ल द बाल्ड या राजाने ८७५ साली रोमला आला असता ते पोपना भेट दिले, असे मानले जाते. राजाची प्रतिमा आसनावर आहे. मूळ सुताराचे नाव नाही, आणि शतकानुशतके त्याला आधार देणाऱ्या, ठिगळे जोडणाऱ्या हातांचीही नावे नाहीत. २७ ऑक्टोबर ते ८ डिसेंबर २०२४ या दिवसांत हे आसन बाहेर काढून भाविकांना दाखविण्यात आले. जुन्या ठिगळांना चकचकीत करून लपविलेले नव्हते. आधुनिक जीर्णोद्धारशास्त्राने हाच दंडक घालून दिला आहे. रोमच्या मध्यवर्ती जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी शिकविले की, दुरुस्ती दुरून डोळ्यांना खुपू नये, पण जवळून पाहणाऱ्याला ती ओळखू यावी. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हेच सांगितले: नव्या भरणाने मूळ वस्तूविषयी खोटी साक्ष देऊ नये आणि केलेल्या कामाची नोंद ठेवली जावी.

आपल्या घरी

आता आपल्या साक्रिस्तीतील कपाटाकडे येऊ. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत दोन कलमे या विषयाशी निगडित आहेत. कलम १२८३ नुसार ख्रिस्तसभेच्या मालमत्तेची, त्यांत सांस्कृतिक मोलाच्या जंगम वस्तूंचीही, तपशीलवार यादी असली पाहिजे. कलम ११८९ सांगते की, प्राचीनता, कला वा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या पूज्य प्रतिमांना दुरुस्तीची गरज पडली तर अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय ती करू नये. हे कलम प्रतिमांपुरते असले, तरी त्यामागील शहाणपण बाकांना आणि कपाटांनाही लागू पडते.

या साऱ्या इतिहासातून घरासाठी आणि धर्मग्रामासाठी काही साधे संकेत निघतात. पहिला संकेत, रंधा वा पॉलिश-पेपर हाती घेण्यापूर्वी शोध घ्यावा. खणाच्या तळाशी, फळीच्या मागे, बैठकीखाली जुन्या सुताराची पेन्सिलीची खूण, आडनाव वा साल असू शकते. ते घासून टाकणे म्हणजे दफनभूमीतील शिलालेख पुसण्यासारखे आहे. दुसरा, नवे नाव दर्शनी भागावर नसावे. खालच्या वा मागच्या बाजूस, मूळ खुणेपासून अंतर राखून असावे. तिसरा, नावासोबत साल आणि क्रियापद असावे. घडविणाऱ्याने ‘घडविले’, दुरुस्त करणाऱ्याने ‘दुरुस्त केले’, आणि देणगीदाराने ‘दिले’ एवढेच म्हणावे. चौथा, काय केले ते थोडक्यात धर्मग्रामाच्या नोंदवहीत लिहावे: पाय बदलला, मागची फळी नवी घातली, पॉलिश उतरवून नवे चढविले.

पाचवा संकेत पॉलिशविषयी आहे. आपले कारागीर ज्याला ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात ते स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेचे. आणि ती लाख मुख्यतः आपल्याच देशातील झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. एकोणिसाव्या शतकात युरोपने तिच्यापासून ही रीत रूढ केली आणि ती नाव बदलून परत आली. तिचा गुण असा की, पुढच्या पिढीतील कारागिराला ती स्पिरिटाने उतरविता येते. आपले काम पुढच्याला पुसता यावे अशा बेताने करणे, हाही एक शिष्टाचारच आहे. नावही तसेच असावे. खोल डागून लाकूड जाळणारे नसावे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या ख्रिस्तमंदिरांत देणगीदारांच्या पट्ट्या पुष्कळ दिसतात. सुतारांच्या, रंगाऱ्यांच्या, पॉलिश करणाऱ्यांच्या खुणा क्वचितच. त्यांतील कित्येक कारागीर आपल्या धर्माचे नव्हते. तरीही प्रभूच्या घराचे लाकूड त्यांनी आपल्या घरचे समजून जपले. पैसे देणाऱ्याचे नाव पितळेत आणि हात देणाऱ्याचे कोठेच नाही, ही रीत बदलावयास हवी. कपाटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ पुरेशी आहे.

करिंथकरांना लिहिताना संत पौलाने आपण पाया घातला आणि त्यावर दुसरा बांधीत आहे, असे सांगून त्या दुसऱ्याला जपून बांधण्याचा इशारा दिला. जुन्या वस्तूला हात लावणारा प्रत्येक जण तो दुसरा असतो. त्याच्या आधी कोणी होता आणि त्याच्या नंतरही कोणी येणार आहे. आधीच्याचे नाव राखावे, स्वतःचे खरे तेवढे सांगावे आणि नंतर येणाऱ्यासाठी फळीवर जागा मोकळी ठेवावी.